नऊ फायली, एक नंबर

मंगळवार, ५ मार्च. जळगाव, हॉस्पिटलचा पहिला मजला, सकाळी साडेअकरा.

हजर: मी; माझे यजमान; माझी धाकटी जाऊ सुनंदा; टेबलापलीकडे डॉक्टर.

गैरहजर: सुनंदाचे यजमान, म्हणजे माझे धाकटे दीर विलासभाऊ, केळीची गाडी भरायची होती म्हणून; त्या दोघांची मुलगी पायल, धुळ्याला नोकरी नवीन, रजा मिळाली नाही म्हणून.

मी पाचोऱ्याच्या एका शाळेत मुख्य लिपिक आहे. आयुष्यभर हजेरी, रजा, दाखले, आवक-जावक हेच केलं. त्यामुळे लिहायला बसले की हात आपोआप असाच सुरू होतो. हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं नीटनेटकं लिहिणारं कोणी नाही. नव्या पेशंटसाठी चार पानं लिहून द्या. औषधांची नावं नकोत, ती आम्ही सांगतो. तुमचं काय झालं ते लिहा." म्हणून लिहिते आहे. मी बरी झाले आहे. ते आधीच सांगते, म्हणजे वाचताना माझी काळजी करू नका. माझी काळजी त्या वर्षी सगळ्यांनी पुरेशी केली. दुसऱ्या एका बाईची करायची राहून गेली.

निकालाचा दिवस

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि सांगितलं, "गाठ साधी नाही. स्तनाचा कॅन्सर आहे. पण वेळेत आलात."

मी पिशवीतून वही काढली आणि लिहिलं: एक, ऑपरेशन कधी. दोन, शाळेत रजेचा अर्ज. तीन, दहावीच्या परीक्षेचे कागद कोण बघणार. चौथा आकडा घातला. पेन तिथेच टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. यजमान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सुनंदाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"अक्का, मी शे ना," ती म्हणाली. "बठ्ठं हुई जाई." म्हणजे सगळं होऊन जाईल.

सुनंदा शिरपूरजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन पाचोऱ्याला आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण बोली तिने सोडली नाही. मी शाळेत बोलतात तशी मराठी बोलायचे, ती तिच्या अहिराणीत उत्तर द्यायची. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी अशाच नांदलो. सासूबाई गेल्यावर घराची वाटणी आपोआप झाली होती: चूल सुनंदाची, कागद माझे.

खिडकी क्रमांक तीन

त्या हॉस्पिटलात तेव्हा नवी पद्धत सुरू झाली होती. माझ्या आईच्या वेळी मी पाहिलेलं आहे. रिपोर्ट आला की खिडकीतून नाव पुकारायचे, आडनावासकट आणि रोगासकट. बाकावरचे पन्नास जण वळून बघायचे. आई त्या दिवशी पदर तोंडावर घेऊन बाहेर पडली होती. आता तसं नाही. प्रत्येक पेशंटची फाईल कॉम्प्युटरवर. रिपोर्ट तयार झाला की मोबाईलवर मेसेज येतो. त्यात नाव नाही, आजार नाही, फक्त फाईलचे शेवटचे तीन आकडे. मेसेजमधला कोड घातला तरच रिपोर्ट उघडतो. फोनवरसुद्धा ओळख पटल्याशिवाय ते कोणाचं नाव घेत नाहीत. मला हे फार आवडलं. असंच पाहिजे, मी म्हटलं.

तीन नंबरच्या खिडकीवर शबाना नावाची मुलगी बसते. तिशीची असेल, बोलायला गोड, टायपिंग एकदम साफ. तिने सांगितलं की एका वेळी घरातल्या सगळ्यांची नोंदणी करता येते, पुढे कधी कोणाला यावं लागलं तर वेळ वाचतो. माझ्या पिशवीत सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स होत्याच. घरातल्या नऊ जणांची नावं, जन्मतारखा, रक्तगट मी तिला धडाधड सांगितले. माझी फाईल ४१२. सुनंदाची ४१४.

"मोबाईल नंबर?" शबानाने विचारलं.

"सगळ्यांना माझाच."

"मॅडम, ज्याचा त्याचा दिला तर बरं असतं."

"अहो, आमच्याकडे कागदाचा नंबर एकच असतो. रेशन, गॅस, बँक, सगळीकडे माझाच आहे. बाकीच्यांना दिला तर मेसेज कुठे जाईल पत्ता लागणार नाही."

शबाना हसली. "सगळे पेशंट तुमच्यासारखे पाहिजेत मॅडम."

आमच्या भागात बहुतेक घरांत असंच आहे. कुठे थोरल्या मुलाचा नंबर, कुठे जावयाचा. बाईकडे स्वतःचा फोन असतो, त्यावर ती माहेरी बोलते, व्हिडिओ बघते. पण कागदावर तिचा नंबर नसतो. आमच्या घरी कागदावर निदान एका बाईचा नंबर आहे, याचा मला अभिमान होता. हे मुद्दाम लिहिते आहे.

डोसाचे मंगळवार

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. एप्रिलच्या मध्यापासून केमोचे सहा डोस, दर एकवीस दिवसांनी, मंगळवारी. पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने जळगाव. यजमान कधी यायचे, कधी त्यांना सुट्टी नसायची. सुनंदा सहाही वेळा आली.

नव्या पेशंटना उपयोगी पडतील अशा गोष्टी इथे सांगते. डोसाच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या. हाताच्या शिरा दुसऱ्या डोसानंतर सापडत नाहीत, तेव्हा चिडू नका, सिस्टरही माणूसच आहे. तोंडाला धातूसारखी चव येते. मला तेव्हा ज्वारीची पातळ पेज आणि लिंबाची फोड एवढंच चालायचं. केस पहिल्या डोसानंतर सतराव्या-अठराव्या दिवशी जातात. ते उशीवर सापडण्याआधी कापून टाका. माझे सुनंदाने कापले, अंगणात खुर्ची टाकून. कापून झाल्यावर लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, "आते तुमी नानासारख्या दिसतस. फक्त मिशी नही."

नाना म्हणजे आमचे सासरे. ते ओट्यावरच बसले होते. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग काय, सून घरच्यावर गेली." त्या महिन्यात मी तेवढी एकदाच हसले.

आणखी एक सांगायचं आहे, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की या कॉम्प्युटरनेच घात केला. तसं नाही. दुसऱ्या डोसाला सिस्टरने माझ्या मनगटावरच्या पट्टीवर मशीन धरलं आणि ते लाल झालं. बाटली शेजारच्या खाटेवरच्या बाईची होती. आम्हा दोघींचं आडनाव एक, खाटा शेजारी-शेजारी. कागदाच्या जमान्यात ती बाटली मला लागली असती. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला मला धुळ्याला पाठवलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडून कोड घेतला आणि माझं सगळं आजारपण त्यांच्या स्क्रीनवर उघडलं. एक कागद मागितला नाही. मला कोणत्या इंजेक्शनने पुरळ येतं ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. ही सोय चांगली आहे. फक्त तिला घर आमच्यासारखं मिळालं.

मी मेसेज वाचणं बंद केलं

दुसऱ्या डोसानंतर माझं मन खचलं. हॉस्पिटलचा मेसेज आला की फोन एक विशिष्ट आवाज करायचा. रक्ताचा रिपोर्ट तयार आहे. उद्या येण्याचं स्मरण. रिपोर्टबद्दल डॉक्टरांना भेटा. एके दिवशी नुसत्या आवाजाने मला उलटी झाली. मी यजमानांना म्हटलं, "तारखा तुम्ही समोर विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. मी हे बघणार नाही." त्यांनी हॉस्पिटलच्या मेसेजचा आवाज बंद करून दिला. मेसेज येत राहिले, मी उघडले नाहीत. शाळेत एक पत्र उघडायचं राहिलं तर मला झोप यायची नाही, ती मी.

तिसरा डोस २८ मेला होता. मी आत चार तास. बाहेर सुनंदाने काय केलं ते मला पाच महिन्यांनी कळलं. तिला आठ दिवसांपूर्वी अंघोळ करताना गाठ लागली होती. तिने मला सांगितलं नाही, कारण माझी अवस्था तशी होती. विलासभाऊंना सांगितलं नाही, कारण ते लगेच मला सांगतील. पण ती गप्प बसली नाही, हे ध्यानात घ्या. सतराशे साठ बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. सुनंदा आठव्या दिवशी त्याच हॉस्पिटलातल्या बाई डॉक्टरांच्या दारात एकटी जाऊन उभी राहिली. त्यांनी तपासलं, त्याच दिवशी सुई घालून तपासणी केली. तीन नंबरच्या खिडकीवर तिने नाव सांगितलं. शबाना त्या दिवशी रजेवर होती, दुसरा कोणी होता. त्याने बघून सांगितलं, "तुमची नोंदणी आहे. रिपोर्ट झाला की मोबाईलवर मेसेज येईल."

सुनंदाच्या हातात तिचा मोबाईल होता. ती त्याच्यावर वाट बघत राहिली.

१८ जून

चौथ्या डोसाचा मंगळवार. त्या दिवशी काय झालं ते मी हॉस्पिटलच्या नोंदीवरून लिहिते आहे. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

सुनंदाचा रिपोर्ट ३ जूनला तयार झाला होता. त्याच दिवशी मेसेज गेला. सातला दुसरा, अकराला तिसरा. उत्तर नाही म्हणून बाराला हॉस्पिटलातून फोन आला. मी मोरीत ओकत होते. यजमानांनी उचलला. पलीकडच्या मुलीने नियमाप्रमाणे नाव घेतलं नाही. पेशंट बोलू शकतील का, विचारलं. हे म्हणाले, आत्ता नाही, तब्येत बरी नाही, पण मंगळवारी आम्ही येतोच आहोत. ती म्हणाली, नक्की या, डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका. हे म्हणाले, हो, हो.

आणि मंगळवारी आम्ही गेलो. मी आत खाटेवर. सुनंदा बाहेर बाई डॉक्टरांच्या दारापासून दहा पावलांवर बाकावर, मांडीवर माझी पिशवी, पेजेचा डबा, माझा फोन असलेली पर्स. चौथा मेसेज त्या दिवशीच आला. तिच्या मांडीवर.

परतीच्या गाडीत तिने दोनदा आपला फोन बघून ठेवला, एवढं मला आठवतं. मी विचारलं, "कोणाची वाट बघतेस?"

"कोनी नही," ती म्हणाली. "पायलना फोन उना का ते दखस."

पुढे तिने मला तिचा हिशोब सांगितला. वाईट असतं तर त्यांनी फोन केला असता. "उना नही, म्हंजे बठ्ठं बरं शे." एवढ्यावर तिने माझे उरलेले डोस काढले, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मला शेकासाठी धुळ्याला सोबत केली. पायलच्या एका खोलीत आम्ही तिघी राहिलो. संध्याकाळी सुनंदा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायची, ठेचा करायची, आणि पायलला म्हणायची, तुझ्या मोठ्या मम्मीला भूक लागायला लागली. सुखाचे दिवस होते ते. मला लिहितानाही तसंच वाटतं, त्याला मी काय करू.

ऑक्टोबर

दिवाळी आठवड्यावर होती. सुनंदाचा हात सुजला. तिने मला तेव्हा सांगितलं, गाठीचं आणि सुईचं, सगळं. मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन जळगावला गेले.

हजर: सुनंदा, मी, बाई डॉक्टर.

डॉक्टरांनी फाईल उघडली आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट जूनचा आहे. तुम्ही आला का नाहीत?"

"माले फोन उना नही," सुनंदा म्हणाली.

"चार मेसेज गेले आहेत. एकदा बोलणंही झालं आहे. नातेवाईक म्हणाले, मंगळवारी येतो." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा नंबर तुमचाच ना?"

सुनंदा शिकलेली नव्हती असं नाही, सातवी झाली होती. तिने पुढे वाकून आकडे एकेक करून वाचले. माझा नंबर तिला पाठ होता. दुकानदाराला, भाजीवाल्याला, सगळ्यांना ती तोच सांगायची. वाचून झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली. माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," ती डॉक्टरांना म्हणाली. "आमनाच शे."

मी बाहेर येऊन फोन उघडला. न वाचलेले साठ-सत्तर मेसेज. बहुतेकांच्या शेवटी ४१२. चारांच्या शेवटी ४१४. मी सव्वीस हजार दाखल्यांवर आकडे तपासले असतील, एक चूक दाखवा म्हणायचे.

परत आत जाऊन डॉक्टरांना एकटीने विचारलं, पाच महिन्यांनी किती फरक पडला? त्या म्हणाल्या, "ते गणित कोणालाच करता येत नाही. तुम्ही करू नका." मी रोज करते.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर सुनंदा म्हणाली, "अक्का, हाई घरमा सांगू नका. कोनलेच नही."

मी म्हटलं, मी आजच सगळ्यांना सांगणार.

"मी सांगसू, माले टाइम भेटना नही, मी दखाडं नही. बठ्ठा ऐकी लेतीन." वेळ मिळाला नाही म्हणून गाठ दाखवलीच नाही, असं ती स्वतः सांगणार होती.

"आणि पायल?"

"मन्ही पोर मनावर रागे भरी, भरू द्या. तुमनावर रागे भरी तं मंग तिले माय कोन ऱ्हाई?"

म्हणजे त्या बाकावर बसल्या बसल्या ती आपण नसू तिथपर्यंत पोचली होती. मी अजून आकड्यांतच होते. गाडी येईपर्यंत तिने माझ्याकडून वचन घेतलं.

दहा महिने

सुनंदाचं आजारपण मी पानभर लिहून फाडलं. थोडक्यात लिहिते. ऑपरेशन झालं, डोस झाले, मग ते यकृतात सापडलं. तिच्या डोसांना मी बाहेरच्या बाकावर बसायचे. मेसेज आले की आवाज मोठा ठेवून लगेच उघडायचे. तिच्या तोंडालाही तीच धातूची चव आली. मी पेज करून न्यायचे, ती दोन घोट घेऊन म्हणायची, मीठ विसरल्या. स्वयंपाक मला कधीच जमला नाही.

घरात सगळ्यांनी तिला प्रेमाने बोलून घेतलं, आणि ते बोलणं मी ऐकलं. विलासभाऊ तिच्या पायाशी बसून म्हणायचे, "येडी, मला तरी सांगायचं. अशी कशी गप बसली तू?" नाना म्हणायचे, बाईच्या जातीला स्वतःची किंमत नाही. सुनंदा डोळे मिटून घ्यायची. एकदा मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने पांघरुणातून माझं बोट इतक्या जोरात दाबलं की नखाची खूण दोन दिवस होती.

ती पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली. दुपारी तीन वाजता, घरी. हजर: सगळे.

तेराव्याला पायल माझ्या खोलीत आली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. "मोठी मम्मी, मला तिचा राग येतो. दर एकवीस दिवसांनी ती कॅन्सरच्या हॉस्पिटलात जाऊन बसत होती. तुम्हाला बघत होती. आणि स्वतःची गाठ दाखवली नाही. माझा विचार केला नाही तिने. असं कोण करतं?"

मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. वचन दिलं होतं हे खरं आहे. भीती वाटली हेही खरं आहे, आणि वचन सोयीचं पडलं.

जे करून झालं

पोळ्यानंतर मी तीन नंबरच्या खिडकीवर गेले. शबानाला सगळं सांगितलं. ती टाइप करायची थांबली. "मॅडम, मी तुम्हाला म्हटलं होतं," एवढंच म्हणाली आणि मग तिचेच डोळे भरले. "पण मग मी हसले पण होते. मी अजून एकदा म्हणायला पाहिजे होतं."

तिने मला वरच्या साहेबांकडे नेलं. मी तक्रार केली नाही, लेखी टिपण दिलं, एक पान. त्यातलं त्यांनी बरंच स्वीकारलं. आता एका नंबरावर दुसरी फाईल जोडायला गेलं की कॉम्प्युटर अडवतो आणि कारण विचारतो. सुईची तपासणी झाली की तिथल्या तिथे कोड पाठवतात, आणि पेशंटने तो आपल्या हातातल्या फोनवर वाचून दाखवल्याशिवाय तिला सोडत नाहीत. फोन नसेल तर पेशंट स्वतः सांगेल त्या माणसाचा नंबर, तो माणूस समोर असताना. गंभीर रिपोर्ट असेल आणि पेशंट भेटली नाही, तर घरी माणूस जातो. गुप्तता तशीच आहे. फक्त ती आता ज्याची त्याची आहे.

घरी उरलेल्या सगळ्यांच्या फायलींवर ज्याचा त्याचा नंबर घातला. नानांना साधा फोन घेऊन दिला, कोड मोठ्याने कसा वाचायचा ते शिकवलं. तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या घरच्या बायकांच्या फाईलवर कोणाचा नंबर आहे, ते खिडकीवर जाऊन आजच विचारा. विश्वास, सोय, सवय, काही कारण सांगू नका.

बाकी

आईला हा आजार झालेला असेल तर मुलीने दरवर्षी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पायलच्या मागे लागले. गेल्या रविवारी ती धुळ्याहून आली आणि हॉस्पिटलचा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"मोठी मम्मी, तुम्हीच भरा. तुमच्या अक्षरात बरा वाटतो."

मी नाव, वय, पत्ता लिहिला. मोबाईलच्या रकान्याशी ती म्हणाली, "तुमचाच टाका ना. माझं मेसेजकडे लक्ष नसतं."

"तुझाच टाकते," मी म्हटलं आणि तिचा टाकला.

"अशा काय चिडता?"

"चिडले नाही."

दुसऱ्या पानावर आईची माहिती होती. आजाराचं नाव. वय. मग पुढचा रकाना: निदानाची तारीख.

"ऑक्टोबर," पायल म्हणाली. "दिवाळीच्या आधी. लिहा."

मी पेन उचललं नाही.

"काय झालं? तुम्हाला तर सगळ्यांच्या सगळ्या तारखा पाठ असतात."

"बघून लिहिते," मी म्हटलं. "अर्ज माझ्याकडे राहू दे."

ती गेली. जाताना दारातून म्हणाली, "मी मम्मीसारखं करणार नाही, वेळेवर तपासून घेणार. तुम्ही काळजी करू नका."

तपासणी सोमवारी अकराला आहे. आनुवंशिक धोका बघायचा म्हणून डॉक्टर सुनंदाची फाईल उघडणार आहेत. वारस म्हणून विलासभाऊंनी संमतीची सही करून दिली आहे. पहिल्याच पानावर रिपोर्टची तारीख आहे, ३ जून. त्याच्याखाली चार मेसेज, एक फोन, आणि एक मोबाईल नंबर. पायल स्क्रीनसमोर बसलेली असेल. आकडे तिला आईइतकेच पाठ आहेत.

तिला ते स्क्रीनवरून कळता कामा नये. तिची आई आठव्या दिवशी डॉक्टरकडे गेली होती, हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. राग माझ्यावर आला तर यावा. मग तिला आई कोण राहील, या सुनंदाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तिच्या नावावर माझी चूक आता आणखी एक दिवसही राहू नये. यजमानांनाही त्या बारा जूनच्या फोनचं अजून सांगितलेलं नाही. त्यांना तो आठवतही नसेल. ते नंतर. आधी पायल. आणि ती ऐकेपर्यंत ही पानं समुपदेशक बाईंकडे जाणार नाहीत.

आज शनिवार. उद्या सकाळच्या बसने धुळ्याला जायचं ठरवलं होतं, ते आजच्यावर आणलं, कारण उद्या म्हटलं की मी उद्या म्हणते. आता दुपारचे दोन वाजून गेले आहेत. अर्ज पिशवीत आहे, निदानाच्या तारखेचा रकाना कोरा. यजमान दोनदा विचारून गेले, गाडी काढू का स्टँडपर्यंत. मी म्हटलं, एवढं पान संपवते.

पान संपलं आहे. पायलला सांगायचं बाकी आहे.